उमेदवाराला नेमकं काय विचारायचं? घर आणि प्रवास या दोन प्रश्नांवर पुण्यातल्या एका प्रभागाचा प्रकरण अभ्यास

हा अभ्यास पुण्याच्या पश्चिम भागातल्या एका प्रभागाचा आहे. माणसं, पक्ष, सोसायट्या आणि वस्ती यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. कायदे, तारखा आणि महापालिकेचे निर्णय मात्र जसे आहेत तसे दिले आहेत. पालिका निवडणुकीत उमेदवारांना प्रश्न विचारू पाहणाऱ्या कुठल्याही गटाला याचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

पार्श्वभूमी

21 फेब्रुवारी 2017 रोजी पुणे महापालिकेची निवडणूक झाली. त्याआधीच्या 2012 च्या निवडणुकीत दोन सदस्यांचे प्रभाग होते, 2017 ला बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे झाले. एकूण 41 प्रभाग आणि 162 जागा. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 31 लाखांच्या घरात होती, म्हणजे एकेका प्रभागात सरासरी 75 हजारांच्या आसपास माणसं आली. मतदाराने अ, ब, क आणि ड अशा चार जागांसाठी चार मतं द्यायची. या चौघांपैकी कोणाला कशासाठी धरायचं, हा गोंधळ तेव्हापासूनचा आहे. ‘ते काम माझ्याकडे नाही, ब गटातले भाऊ बघतात’ हे वाक्य पुण्यात राहणाऱ्याला नवीन नाही.

या प्रभागात तीन तऱ्हेची वस्ती होती. मुख्य रस्त्यालगत नव्या उंच इमारती. आतल्या गल्ल्यांत सत्तर-ऐंशीच्या दशकात बांधलेल्या सहकारी सोसायट्या: तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, आणि वरच्या मजल्यावर राहणारी माणसं आता सत्तरीपार गेलेली. टेकडीच्या उताराला घोषित झोपडपट्टी होती. तिथल्या बायका याच सोसायट्यांत आणि नदीपलीकडच्या पेठांत घरकामाला जात.

निवडणुकीच्या महिनाभर आधी, जानेवारी 2017 मध्ये, राज्य सरकारने पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा आणि त्यासोबतची विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली. 24 डिसेंबर 2016 ला मेट्रोचं भूमिपूजन झालं होतं, आणि वनाज ते रामवाडी हा मार्ग याच भागाच्या अंगावरून जाणार होता. त्यामुळे घर आणि प्रवास हे दोन विषय प्रत्येक कोपरा सभेत होते. प्रत्येक पत्रकावर मेट्रोचं चित्र छापलेलं होतं.

प्रश्न काय होता

सुरुवात जुन्या सोसायट्यांच्या पुनर्विकासातून झाली. एका सोसायटीत सोळा सदनिका. बिल्डर येऊन बघून जायचे आणि परत फोन करायचे नाहीत. कारण इमारतीसमोरच्या रस्त्यात होतं: तो सहा मीटरचा. टीडीआर म्हणजे दुसऱ्या जागेवरचा बांधकामाचा हक्क विकत घेऊन आपल्या जागेवर वापरणं; जानेवारी 2016 च्या राज्याच्या नियमांनी तो वापरायला किमान नऊ मीटरचा रस्ता सक्तीचा केला होता, आणि पुण्याच्या नव्या नियमावलीतही तेच आलं. जादा बांधकामच करता येत नसेल तर विकायला जास्तीचे फ्लॅट येणार कुठून? आणि ते नसतील तर जुन्या रहिवाशांना नवं घर बांधून देणार कोण?

पुण्याच्या जुन्या भागात घराचा प्रश्न आणि रस्त्याचा प्रश्न वेगळे नाहीत, हे बहुतेकांना इथेच पहिल्यांदा उमगलं. इमारत किती उंच होईल हे समोरचा रस्ता ठरवतो. रस्ता रुंद करायचा तर जागा दोन्ही बाजूंच्या सोसायट्यांच्या अंगणातून जाते. आणि रुंद केलेल्या रस्त्यावर चालणारा माणूस येणार की उभी गाडी, यावर त्या गल्लीतलं पुढचं सगळं जगणं अवलंबून राहतं.

वस्तीचा प्रश्न याहून वेगळा होता. झोपडपट्टी पुनर्वसनाचं गाजर दर निवडणुकीत दाखवलं जाई. बायकांचं रोजचं दुखणं मात्र बसचं. पहाटेच्या कामाला जाणाऱ्यांना सोयीची बस नव्हती. थांबा चढ उतरून मुख्य रस्त्यावर, आणि तिथवर नीट पदपथ नाही. सहा आसनी किंवा शेअर रिक्षाला जे पैसे जात, ते महिन्याच्या पगारातून सरळ कापले जात.

उमेदवार काय बोलत होते? एकाच संध्याकाळी तीन वेगवेगळ्या पक्षांची पत्रकं एका घरात आली, आणि तिन्हीवर जवळपास तेच: सर्वांना परवडणारं घर, वाहतूककोंडीमुक्त प्रभाग, मेट्रोला गती. यातलं नगरसेवकाच्या हातात काय आहे, हे कुणीच सांगत नव्हतं.

समोर असलेले मार्ग

सोसायट्यांचे काही पदाधिकारी, वस्तीतल्या बचतगटाच्या ताई, नगररचना खात्यातून निवृत्त झालेले एक काका आणि एक शिक्षिका अशी माणसं एका सोसायटीच्या वाहनतळात खुर्च्या टाकून बसू लागली. पहिल्या बैठकीत सूचनांचा पाऊस पडला.

‘रस्ता नाही तर मत नाही’ असा फलक लावून बहिष्कार टाकावा, असं एकाने सुचवलं. ते लगेच मागे पडलं. 75 हजारांच्या प्रभागात दोन गल्ल्यांनी मत न देणं हे कुणाच्या लक्षातही येत नाही. अपक्ष उभा करायचा विचार जरा जास्त वेळ टिकला. पण चार सदस्यांच्या प्रभागात पक्षाचं पॅनल चालतं, एकट्या अपक्षाला एवढ्या मोठ्या भागात घरोघर पोचणं जवळजवळ अशक्य. वरीलपैकी कोणीही नाही, अर्थात नोटा, हा पर्याय वस्तीतल्या ताईंनी एका वाक्यात निकालात काढला: ‘आम्हाला कुणाकडे तरी जायचंच आहे ना उद्या नळासाठी.’

एका सोसायटीच्या सचिवांनी वेगळा मार्ग मांडला. जो उमेदवार सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक टाकून देईल, त्याच्या मागे सगळी मतं उभी करू. ही तेव्हाची, आणि आजचीही, सर्रास चालणारी पद्धत आहे. माझ्या मते या प्रकरणातला पहिला खरा निर्णय इथे झाला. गटाने असं काही मागायचं नाही असं ठरवलं. कारण साधं होतं. फरशीच्या बदल्यात मत दिलं की पुढची पाच वर्षं रस्त्याबद्दल तोंड उघडता येत नाही. त्या सचिवांची सोसायटी गटातून बाहेर पडली, आणि प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात तिथे फरश्यांचा ट्रक आला. गटाने त्यावर जाहीर बोलायचं टाळलं. शेजाऱ्यांशी वैर नको म्हणून ते झालं, आणि ते समजण्यासारखं आहे. पण सार्वजनिक पैशातून खासगी आवारात काम कसं होतं, हा प्रश्न तिथेच विरून गेला.

उरला शेवटचा मार्ग: सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्नावली द्यायची, उत्तरं जशीच्या तशी छापायची आणि एक संवाद सभा घ्यायची.

वस्तीला सोबत घ्यायचं का, यावर वाद झाला. काही जणांना वाटलं की पुनर्विकास आणि झोपडपट्टी हे दोन विषय एकत्र आले तर उमेदवार त्यांची आपसात झुंज लावतील. निवृत्त काकांनी उलट बाजू मांडली. सोसायट्यांतलं मतदान कमी होतं आणि वस्तीतलं जास्त, त्यामुळे वस्तीशिवाय उमेदवार सभेला फिरकणारच नाहीत. त्यांचा हिशेब बरोबर निघाला. पण बचतगटाच्या ताई आल्या त्या बसची मागणी घेऊन, आणि त्या मागणीने पुढे संपूर्ण प्रश्नावलीचं वळण बदललं. संख्येच्या हिशेबापेक्षा हे मोलाचं ठरलं.

काय केलं: प्रश्नावली

पहिला मसुदा वाचला की लगेच कळतं तो का फसला असता. त्यात लिहिलं होतं, ‘गृहनिर्माणाबाबत आपलं धोरण काय?’ आणि ‘सार्वजनिक वाहतूक सुधारण्यासाठी आपण काय कराल?’ एका ओळखीच्या कार्यकर्त्याला तो सहज दाखवला तर त्याने तिथल्या तिथे पत्रकातली वाक्यं उत्तर म्हणून लिहून दिली. अशी उत्तरं कुणीही देईल आणि त्यावर पुढे कुणालाही धरता येणार नाही.

मग काकांनी एका संध्याकाळी कागदावर तीन रकाने आखले. पहिला, जे महापालिकेच्या सभागृहात किंवा स्थायी समितीत ठरतं. दुसरा, जिथे पालिकेचा वाटा आहे पण निर्णय दुसरीकडे होतो. तिसरा, जे नगरसेवकाच्या हातात अजिबात नाही.

तिसऱ्यात मेट्रो गेली. ती महामेट्रो उभी करते, आणि त्या कंपनीत निम्मा वाटा केंद्राचा, निम्मा राज्याचा. झोपडपट्टी पुनर्वसनही तिथेच. पुण्यासाठी 2005 पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे, योजनेला मंजुरी ते देतं, आणि पात्रतेची तारीख राज्य सरकार ठरवतं. नगरसेवक फार तर वस्तीत कागदपत्रांचं शिबिर लावतो, नळ आणि शौचालय करून देतो. तेही कमी नाही, पण ‘जागेवरच पक्कं घर’ हे त्याने द्यायचं वचन नाही.

दुसऱ्यात पीएमपी आली. 2007 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या दोन परिवहन सेवा एकत्र करून ही कंपनी झाली. तुटीचा 60 टक्के भार पुणे महापालिका उचलते, 40 टक्के पिंपरी-चिंचवड. संचालक मंडळावर पालिकेचे पदाधिकारी असतात. म्हणजे मार्ग आणि वेळा कंपनी ठरवते, पण तिच्या पैशावर मत देणारे नगरसेवकच असतात.

पहिल्या रकान्यात रस्त्यांची रुंदी, पदपथ, पार्किंग, अंदाजपत्रक आणि नगरसेवकांची ‘स’ यादी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अंदाजपत्रकात नगरसेवक आपापल्या प्रभागासाठी जी कामं सुचवतात ती ‘स’ यादी. बाकडी, नामफलक, कापडी पिशव्या, कमानी या सगळ्याचा उगम बहुतेक वेळा तिथेच असतो. प्रभागात कशावर पैसा जातो हे नगरसेवकाच्या भाषणापेक्षा ही यादी जास्त खरं सांगते.

मग प्रश्न नव्याने लिहिले गेले. त्यातले दोन इथे देतो.

‘सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करायचे झाल्यास दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर जागा घ्यावी लागेल. आपला त्याला पाठिंबा आहे का? असल्यास, वाढलेल्या जागेत पदपथ होणार की पार्किंग?’

‘आपल्या पहिल्या वर्षाच्या ‘स’ यादीतली किती रक्कम पदपथ आणि बसथांब्यांवर जाईल? आकडा लिहावा.’

पुनर्वसनाबद्दल ताईंनी एकच प्रश्न घातला: योजना आली तर बांधकाम चालू असताना आम्ही राहायचं कुठे? तो तिसऱ्या रकान्यातला होता, तरी ठेवला. बरं झालं ठेवला. त्याला एकाही उमेदवाराने सरळ उत्तर दिलं नाही, आणि वस्तीतल्या बायकांना पक्क्या घराच्या वचनाचं वजन त्यातून कळलं.

एक विषय मात्र सुटला. प्रभागात भाड्याने राहणारे विद्यार्थी आणि आयटीतले तरुण पुष्कळ होते. त्यांची नावं मतदारयादीत गावाकडे होती. उमेदवारांनी त्यांच्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, हे अपेक्षितच होतं. गटानेही काढलं नाही, कारण बैठकीत त्यांच्यापैकी कुणी नव्हतं.

सभा आणि उत्तरं

काही उमेदवारांनी लेखी उत्तरं दिली. काहींनी ‘साहेबांशी बोलून सांगतो’ म्हणत दिवस काढले. एक जण चार-पाच कार्यकर्ते घेऊन रात्री उशिरा आला आणि म्हणाला, लेखी कशाला, आपण घरचीच माणसं.

सभा एका शाळेच्या हॉलमध्ये झाली. प्रत्येकाला सारखी मिनिटं, घंटा वाजवायला शिक्षिका. मेट्रोवर सगळे रंगात आले. मग बचतगटातल्या एक ताई उठल्या. ‘दादा, मेट्रो येईल तेव्हा येईल. मला सकाळी साडेसहाला कामावर असायला लागतं. बस कुणाला सांगून येते?’ उमेदवार क्षणभर थांबले. त्यातल्या एका महिला उमेदवाराने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘ताई, ते मला माहीत नाही, पण दोन दिवसांत विचारून सांगते.’ त्या दोन दिवसांत आगाराचं नाव आणि कुणाला अर्ज करायचा हे सांगून गेल्या. सगळ्या सभेत उपयोगी म्हणावं असं हेच एक उत्तर मिळालं. त्या निवडून आल्या. त्याचं श्रेय सभेला देता येणार नाही, पॅनलची लाट मोठी होती.

रस्तारुंदीवर सगळ्यांनी ‘पाठिंबा’ लिहिलं. पदपथ की पार्किंग यावर ‘दोन्ही’ लिहिलं. इथे काकांनी फळ्यावर साधा हिशेब मांडला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे पदपथ कमीत कमी 1.8 मीटरचा हवा. दोन्ही बाजूंना धरले तर 3.6 मीटर गेले. नऊ मीटरमधून उरले 5.4. त्यात दोन गाड्या समोरासमोर सावकाश जातात, तिसरी उभी राहू शकत नाही. म्हणजे ‘दोन्ही’ हे उत्तर होऊच शकत नाही. हॉलमध्ये कुजबुज झाली, कारण ते उमेदवारांनाच नव्हे तर गाड्या असलेल्या श्रोत्यांनाही लागलं होतं.

उत्तरं छापताना दुसरा महत्त्वाचा निर्णय आला: गुण द्यायचे की नाही? तरुण मंडळींना उमेदवारांची क्रमवारी लावायची होती. शेवटी गुण न देता प्रत्येक उत्तरासमोर तीनपैकी कुठला रकाना लागू होतो एवढंच छापलं. उमेदवारांच्या आश्वासनांपैकी निम्म्याहून जास्त तिसऱ्या रकान्यात पडली. वाचणाऱ्याला वेगळं काही सांगावं लागलं नाही, आणि पक्षपाताचा आरोपही कुणी करू शकलं नाही. हा निर्णय मला आजही योग्य वाटतो.

निवडणुकीनंतर

बहुतेक गट निवडणूक झाली की पांगतात. हा गटही जवळजवळ पांगलाच होता. टिकला तो बसमुळे.

ताईंनी सह्या गोळा केल्या, नगरसेविकेचं पत्र जोडलं, आगारात चकरा मारल्या. दरम्यान चौघांपैकी दुसऱ्या एका नगरसेवकाने ‘स’ यादीतून थांब्यावर चकचकीत शेड उभी केली. वर त्यांचं नाव, खाली बस नाही. पुढे काही महिन्यांनी सकाळची एक फेरी सुरू झाली आणि व्यवस्थित चालली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ती बंद पडली. सप्टेंबरमध्ये पीएमपी पुन्हा रस्त्यावर आली, पण ही फेरी आली नाही. घरकामाच्या बायकांवर तेव्हा दुसरीच संकटं होती. पाठपुरावा करायला कुणाकडे बळ नव्हतं.

पार्किंगवर मार्च 2018 मध्ये खरी परीक्षा झाली. प्रशासनाने शहरासाठी सशुल्क पार्किंगचं धोरण आणलं. रस्त्यावर आंदोलनं झाली, मुख्य सभेत रणकंदन झालं, आणि धोरण पाच रस्त्यांपुरतं, प्रायोगिक म्हणून मंजूर झालं. नगरसेवकांची मुदत संपेपर्यंत त्या पाच रस्त्यांवरही ते आलं नाही. 2016 मध्येच पालिकेने पादचारी धोरण स्वीकारलं होतं. चालणाऱ्याला प्राधान्य हे कागदावर सर्वांना मान्य होतं. गाडीवाल्याकडून पैसे घ्यायची वेळ आली तेव्हा ‘वाहतूक शिस्त’ लिहून देणारे गप्प बसले. गटानेही त्यांना त्यांची लेखी उत्तरं दाखवली नाहीत, कारण गटातल्याही बऱ्याच जणांच्या गाड्या रस्त्यावरच उभ्या असत.

सहा मीटर, नऊ मीटर

2020 मध्ये टाळेबंदीच्या काळातच शहरातले सहा मीटरचे रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव स्थायी समितीसमोर आला. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 210 खाली रस्त्याची नियमित रेषा आखायची, हरकती-सूचना मागवायच्या, असा तो मार्ग. ठरावीकच रस्ते का निवडले, फायदा कुणाचा, असे आक्षेप आले आणि वाद राज्य सरकारपर्यंत गेला. डिसेंबर 2020 मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यातही गणित तेच राहिलं: नऊ मीटरहून कमी रस्त्यावर मूळ एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) 1.10 एवढाच, आणि नऊ मीटरला प्रीमियम म्हणजे शुल्क भरून मिळणारं जादा बांधकाम व टीडीआर धरून 2.00 पर्यंत. सोळा सदनिकांच्या सोसायटीसाठी हा फरक म्हणजे लिफ्ट मिळणं आणि न मिळणं.

गटापुढचा सर्वांत अवघड निर्णय हा होता. सोसायट्यांना रुंदी हवी होती. कोपऱ्यावरच्या दुकानदारांना नको होती, त्यांचं पुढचं अंगणच जाणार होतं. काहींना समोरची जुनी झाडं वाचवायची होती. वस्तीतल्या बायका त्याच गल्लीतून चालत जात, त्यांना पदपथ हवा होता. तीन मार्ग चर्चेत आले: सरळ पाठिंबा द्यायचा, हरकत घ्यायची, किंवा अट घालून पाठिंबा द्यायचा. काकांनी अटींचा मसुदा केला होता: किमान एका बाजूला 1.8 मीटरचा सलग पदपथ, रुंदी इमारतीगणिक न घेता संपूर्ण गल्लीची एकत्र, आणि झाडं पदपथाच्या रेषेत सामावून घ्यायची.

गटाने शेवटी सरळ पाठिंब्याचं पत्र दिलं. अटी घातल्या तर प्रस्ताव अडकेल, ही भीती खरी होती. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांना तेव्हा खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणावं लागे, आणि ‘अजून किती वाट बघायची’ या त्यांच्या मुलीच्या प्रश्नावर कुणाकडे उत्तर नव्हतं. तरीही मला वाटतं की अटींचं पत्र द्यायला हवं होतं. 2017 च्या प्रश्नावलीत पदपथ की पार्किंग हा प्रश्न गटानेच विचारला होता. निर्णयाच्या घटकेला तो गटानेच मागे घेतला. नगरसेवकांपैकी एकजण तेव्हा म्हणाले होते, आधी रुंदी होऊ द्या, मग बघू. नंतर कुणी बघितलं नाही.

परिणाम

त्या सोळा सदनिकांच्या सोसायटीचा पुनर्विकास मार्गी लागला. आसपासच्या आणखी काहींचा लागला, काहींचा अजून बैठकांत आहे. ही मोठी गोष्ट आहे, आणि ती कमी लेखण्याचं कारण नाही. म्हातारी माणसं आता लिफ्टने खाली उतरतात.

गल्लीची मात्र करवत झाली आहे. जिथे इमारत नवी झाली तिथे रस्ता दीड मीटर आत सरकला, शेजारी जुनी इमारत तिथे पुन्हा बाहेर. त्या आत सरकलेल्या पट्ट्यांत गाड्या लागतात. चालणारा माणूस दोन गाड्यांच्या मागून रस्त्यात येतो, पुन्हा आत जातो, पुन्हा बाहेर येतो. सलग पदपथ गल्लीत कुठेही नाही.

वस्तीत पुनर्वसनाची योजना पुढे सरकलेली नाही. नळ आणि शौचालयांची कामं झाली.

6 मार्च 2022 ला मेट्रोचा वनाज ते गरवारे महाविद्यालय हा टप्पा सुरू झाला, आणि पुढच्याच आठवड्यात, 14 मार्चला, नगरसेवकांची मुदत संपली. दुसऱ्या दिवसापासून प्रशासक. मग जवळपास चार वर्षं निवडणूकच झाली नाही. पाठपुरावा या शब्दाला त्या काळात अर्थ उरला नव्हता. 1 जून 2025 ला पीएमपीचं किमान भाडं पाचावरून दहा रुपये झालं. ताईंना त्याबद्दल ज्यांच्या दारात जाऊन बोलता आलं असतं, असा निवडून आलेला एकही माणूस महापालिकेत नव्हता.

पुन्हा करताना काय बदललं

15 जानेवारी 2026 ची निवडणूक जाहीर झाली तेव्हा अर्ज, माघार आणि मतदान हे सगळं महिन्याभरात उरकायचं होतं. गट विस्कळीत होता, काही जण सोसायटीतलं घर विकून गेलेले, काका थकलेले. तरी जुने रकाने सापडले आणि प्रश्नावली नव्याने झाली. मोफत बस आणि मोफत मेट्रोचं आश्वासन त्या निवडणुकीत एका जाहीरनाम्यात आलं होतं. गटाने त्यावर मत विचारलंच नाही. त्याऐवजी विचारलं: पीएमपीच्या तुटीतला पालिकेचा वाटा वाढवायचा झाल्यास ‘स’ यादीतलं काय कमी कराल?

आणखी तीन बदल केले. आता प्रश्नांत ‘आपला पाठिंबा आहे का’ ऐवजी ‘असा प्रस्ताव आला तर कोणत्या उपसूचनेशिवाय आपण मत देणार नाही’ असं विचारलं जातं. त्यामुळे गल्लीच्या पदपथाची जुनी अट यावेळी उमेदवारांच्या हाताने लिहून घेतली गेली. चार सदस्यांत कुणी काय करायचं याची विभागणी पॅनलकडून लेखी मागितली. एका पॅनलने ती दिली, बाकीच्यांनी टाळली. आणि भाड्याने राहणाऱ्या दोन तरुणींना मसुदा करताना बोलावलं. त्यांनी रात्री मेट्रो स्थानकातून घरी येतानाच्या अंधाऱ्या वाटेचा प्रश्न घातला. तो पहिल्या रकान्यात बसतो: दिवे आणि पदपथ पालिकेचेच.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. सकाळच्या बसची मागणी दुसऱ्या रकान्यातच अडकते. नगरसेवक कंपनीकडे बोट दाखवतात, कंपनी पालिकेच्या पैशाकडे. यावर गटाने ठरवलं आहे की निवडून आलेल्यांकडून पत्र न मागता अंदाजपत्रकाच्या सभेत पीएमपीच्या तरतुदीवर बोलण्याची मागणी करायची, आणि ते बोलले की नाही हे सभेच्या कार्यवृत्तांतात तपासायचं. भरलेल्या प्रश्नावलीची एकेक प्रत सोसायट्यांच्या कार्यालयात आणि बचतगटाच्या कपाटात ठेवली आहे. कार्यवृत्तांत मागायचा अर्ज करण्याचं काम ताईंनी स्वतःकडे घेतलं आहे.